दारातली सोळा मिलीमीटरची पायरी

प्रश्न : दिवाणखान्यातल्या जुन्या लाल सिमेंटच्या जमिनीवर टाइल्स बसवल्या. स्वयंपाकघराची जमीन तशीच ठेवली. आता दारात 16 मिमीची पायरी झाली असून सासूबाईंना ठेच लागते. सागवानी पट्टी कशी करावी?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : आधी फरक पुन्हा मोजा. टाइलवर सरळ पट्टी टेकवून ती खालच्या जमिनीवर बाहेर काढा आणि दाराच्या डाव्या, मधल्या व उजव्या बाजूला उंची घ्या. जुनी जमीन क्वचितच सपाट असते. एकीकडे 14, दुसरीकडे 17 निघू शकते. खाच सर्वांत जास्त मापाची काढावी आणि जिथे फरक कमी आहे तिथे पट्टीचा तळ रंध्याने उतरवावा.

फरक 16 धरला तर पट्टी 21 मिमी जाड आणि साधारण 105 मिमी रुंद हवी. टाइलच्या बाजूला तळातून 14 मिमी रुंद, 16 मिमी खोल खाच काढली की वर 5 मिमीचा ओठ उरतो. त्यातला 12 मिमी भाग टाइलवर बसतो, 2 मिमी जागा टाइलच्या कडेशी मोकळी राहते. ती सिमेंटने भरू नका. पावसाळ्यात एवढी रुंद पट्टी मिलीमीटरभर फुगते, आणि जागा नसेल तर मधोमध उचलते. उरलेल्या रुंदीत पाचास एक (पाच मिमी रुंदीला एक मिमी) असा उतार द्या. खालची कड 3 मिमी जाड ठेवा. धारदार केली तर झाडूनेही ढलप्या निघतील. सासूबाई वॉकर वापरत असतील तर उतार आणखी लांबवा.

ओठ टाइलवर पूर्ण टेकलाच पाहिजे. मिलीमीटरभर अधांतरी राहिला तर पाय पडताच खाचेच्या कोपऱ्यात रेषेने चिरतो. त्याच्याखाली सिलिकॉनची बारीक रेघ द्या.

90 सेमीच्या दाराला चार स्क्रू पुरतात. सगळे एकाच ओळीत, ओठाच्या कडेपासून 35 मिमीवर, आणि फक्त खालच्या जमिनीत. दोन ओळी मारल्या की लाकडाला हलायला वाव राहत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, 35 मिमी लांब. लोखंडी स्क्रू आपल्या दमट हवेत गंजतात आणि सागावर काळे डाग पाडतात. लाल जमिनीत 6 मिमीचे भोक पाडताना सुरुवातीला ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर वरचा थर उडतो. डोकी 8 मिमी खोल बसवून वर त्याच लाकडाचे डाट मारा.

पॉलीयुरेथेन वॉर्निशचे दोन हात तळालाही द्या, टोकांना तीन. फरशी पुसतानाचे पाणी टोकांतूनच आत शिरते. फक्त वरून पॉलिश केलेली पट्टी वाकडी होते.

दार टाइलकडे उघडत असेल तर त्याच्या तळाशी 5 मिमीहून जास्त फट आहे ना, हे पट्टी कापण्याआधी पाहा.

प्रश्न : सागाऐवजी माट्टी (ऐनाचे लाकूड) चालेल का? (पेडणे)

उत्तर : मजबुतीला चालेल, पण माट्टी सुकताना तडकते. नीट मुरलेली, जुन्या वाशाची मिळाली तरच घ्या, आणि स्क्रूसाठी आधी भोक पाडल्याशिवाय हात लावू नका.