घटनादुरुस्तीतली 'दुरुस्ती'

प्रश्न असा आलाय : "मराठीत घटनादुरुस्ती का म्हणतात? दुरुस्ती तर बिघडलेल्या गोष्टीची करतात, पंख्याची, मिक्सरची. मग शंभरावर दुरुस्त्या झाल्या म्हणजे आपली घटना एवढी बिघडलेली होती का? त्यापेक्षा हिंदीतलं संविधान संशोधन बरं नाही का?"

आधी संशोधनाचं. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च, हे आता इतकं पक्कं बसलंय की 'संविधान संशोधन' वाचलं की लायब्ररीत बसून पीएचडी करणारं कोणीतरी डोळ्यापुढे येतं. मुळात संस्कृतात संशोधन म्हणजे शुद्ध करणं, दोष काढणं, हिंदीने तो अर्थ धरून ठेवला आणि आपण शोधाकडे वळलो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण तो शब्द आता मराठीत आणला तर गोंधळच होणार.

आता दुरुस्ती. फारसीत 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, नीट, धडधाकट. तंदुरुस्त शब्द बघा ना, तन दुरुस्त, म्हणजे शरीर ठणठणीत, तिथे कोणी रिपेअर करून आणलेलं शरीर असा अर्थ घेत नाही. आणि इंग्रजी अमेंडमेंटचं मूळही लॅटिनमध्ये दोष काढून टाकणं हेच आहे, फाटकं शिवणं वगैरेसाठीचा मेंड हा शब्द त्याच अमेंडचं आखूड रूप. म्हणजे तिन्ही भाषांनी एकच कल्पना उचललीये, मराठीने उगाच घटनेला मोडकं ठरवलंय असं काही नाही.

पण मला हा शब्द आवडतो तो वेगळ्या कारणाने. कोकणात पावसाळ्याच्या आधी घर शाकारतात, कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा नीट बसवायची, दरवर्षी. घर पडलंय म्हणून नाही करत, त्यात राहायचंय म्हणून करतात. कौलं बदलली म्हणून घर बदललं असंही कोणी म्हणत नाही. दुरुस्तीत हे गृहीतच आहे की वस्तू तीच राहणार आणि ती आपली आहे. 'छत्री दुरुस्त केली' आणि 'छत्री बदलली' यात जो फरक आहे तोच 'घटनादुरुस्ती' आणि 'घटना बदलणं' यात आहे, आणि लोक बोलताना हे दोन सर्रास एकासारखे वापरतात ते मला खरंच खटकतं.

हा नुसता भाषेचा कीस नाहीये, देशाच्या सगळ्यात मोठ्या खटल्यात नेमका यावरच वाद झाला. १९७१ च्या २४व्या दुरुस्तीने कलम ३६८ मध्ये लिहिलं गेलं की संसद घटनेत भर घालून, फेरफार करून किंवा तरतूद रद्द करून दुरुस्ती करू शकते. मग दुरुस्ती म्हणून सगळी घटनाच पुसून टाकता येईल का? सर्वोच्च न्यायालयात केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपुढे ६८ दिवस युक्तिवाद चालला आणि २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला की दुरुस्तीने मूलभूत चौकट, म्हणजे घटनेचा गाभा, मोडता येणार नाही. न्यायमूर्ती खन्नांनी तर दुरुस्ती या शब्दावरच बोट ठेवलं, की दुरुस्ती म्हटलं म्हणजे जुनी घटना आपली ओळख न गमावता टिकून राहिली पाहिजे. म्हणजे कौलं, वासे बदला, पण आढंच काढून नेलंत तर ती शाकारणी नाही.

आणि एका शब्दाची दुरुस्ती काय करू शकते याचं उदाहरण हवं तर कलम ३५२ बघा. १९७५ मध्ये आणीबाणी लागली ती 'अंतर्गत अशांतता' या शब्दांवर. आता अशांतता म्हणजे काय? मोर्चा, संप, काहीही बसवता येतं त्यात. पुढे ४२व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली, तीही कायदेशीर मार्गानेच झालेली दुरुस्ती बरं का, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे लोकशाहीचं भलंच असं मी म्हणणार नाही. पण मग १९७८ ची ४४वी आली. तिने मुदत परत पाच वर्षं केली, 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र उठाव' घातलं, आणि मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही असं घातलं, कारण ७५ साली एकट्या पंतप्रधानांच्या सल्ल्यावर सही झाली होती आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. शिवाय आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही हेही त्यातलंच. दोन शब्द काढून दोन शब्द घातले आणि नुसत्या मोर्चाला घाबरून आणीबाणी लावायचा दरवाजा बंद झाला. शब्दांची आवड असणाऱ्याने हे कलम एकदा तरी जुनं-नवं शेजारी ठेवून वाचावं.

तसंच ६१वी, मतदानाचं वय २१ वरून १८, १९८९ च्या निवडणुकीत त्या वयाच्या पोरापोरींनी पहिल्यांदा लोकसभेला मत दिलं. आणि ७३वी, पंचायत राजची, जी २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, केशवानंद निकालाला बरोबर वीस वर्षं झाली त्या तारखेला. त्याआधी गावच्या निवडणुका सरकारच्या मनात येईल तेव्हा, आता पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, आणि बायकांना किमान एक तृतीयांश जागा, महाराष्ट्राने पुढे २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. माझी आत्या त्यामुळेच ग्रामपंचायतीत गेली, पहिल्या मीटिंगला ती दाराशी बसली होती आणि पुढच्या वर्षी पाण्याच्या टाकीचा हिशोब मागत होती. शहरांसाठी ७४वी आहे, तरी मुंबई महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता, म्हणजे लिहिलेलं पाळून घ्यावंही लागतं. पण निवडणूक कुठे आहे असं विचारायला बोट ठेवायला घटनेतली ओळ आहे, ती ७४वीनेच दिली.

शंभरावर दुरुस्त्या म्हणजे घटना कच्ची का, तर नाही, ती रोज वापरात आहे.

राहिला शब्द 'सुधारणा'. विधिमंडळाच्या कागदांत '(सुधारणा) विधेयक' असंच असतं, ते सरकारी मराठीत बरोबरच आहे. पण बोलण्यात सुधारणा म्हटलं की आधीपेक्षा चांगलंच झालं असा निकाल आधीच लागून जातो, आणि ४२वीला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुरुस्ती जरा तटस्थ आहे, दुरुस्ती बिघडूही शकते हे आपल्याला माहीत असतं.

लिहिताना दोन्ही शब्द जोडून, घटनादुरुस्ती, आणि रु ऱ्हस्व, 'दुरूस्ती' नाही. 'घटनादुरुस्ती केली' म्हणा, 'घटना दुरुस्त केली' असं शक्यतो नको, त्यात मात्र ती बिघडली होती असा वास येतो.