इंजिनिअरिंगला लेक्चर, ट्युटोरियल, प्रॅक्टिकल यात फरक काय, आणि नंतर नोट्स मिळवल्या तर बुडवलेलं चालतं का?

लेक्चर एखाद-दुसरं बुडालं तर भरून काढता येतं, पण प्रॅक्टिकल आणि ट्युटोरियल बुडवू नका. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते, दर सेमिस्टरला हेच बघते. लेक्चरला अख्खा वर्ग असतो, थिअरी शिकवतात, ती मित्राच्या वहीतून थोडीफार कळते. ट्युटोरियलला छोटी बॅच असते, गणितं स्वतः सोडवायची आणि अडलं की तिथेच विचारायचं, मॅथ्स खरं इथे पक्कं होतं. प्रॅक्टिकलला मशीनवर हात तुम्हालाच लावायचा असतो, रीडिंग घेऊन जर्नल (प्रॅक्टिकलची वही) त्याच आठवड्यात चेक करून घ्यायची, कारण टर्मवर्कचे, म्हणजे सेमिस्टरभर केलेल्या कामाचे, बरेचसे मार्क त्यावर असतात आणि सेमिस्टरच्या शेवटी लॅब परत लावून द्यायला कोणाकडे वेळ नसतो. अटेंडन्स साधारण 75 टक्के लागतो, म्हणजे 40 लेक्चर झाली तर 30 हवीत, पण प्रॅक्टिकल 12 च असली तर 3 पेक्षा जास्त बुडाली की संपलं! कमी पडला तर टर्म ग्रँट होत नाही, परीक्षेलाच बसता येत नाही.

फक्त नियम सगळीकडे सारखा नाही, एमबीबीएसला प्रॅक्टिकलला 80 टक्के लागतात. आणि आजारी पडलात तर सर्टिफिकेट लगेच डिपार्टमेंटला द्या, डिफॉल्टर लिस्ट (अटेंडन्स कमी असलेल्यांची यादी) लागेपर्यंत थांबू नका.