व्हील ऑफ फॉर्च्यूनच्या स्लॉट मशीनवरचं चाक खरंच फिरतं, की आकडा आधीच ठरलेला असतो?

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. अमेरिकन टीव्हीवरच्या 'व्हील ऑफ फॉर्च्यून' या खेळाच्या शोचं नाव लावलेल्या स्लॉट मशीनवर (कसिनोतलं, बटण दाबून चित्रांची रिळं फिरवायचं जुगाराचं मशीन) वरचं चाक खरंच फिरतं का, आणि आई-बाबांना घेऊन वेगासला गेल्यावर कुठलं मशीन धरावं. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: चाक खरंच फिरतं, आणि आकडा ते फिरायच्या आधीच ठरलेला असतो. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते नंतर. पहिल्यावरून आमच्या साडूभाऊंशी माझं गेली कित्येक वर्षं वाजतंय, तेव्हा ते जरा सविस्तरच लिहितो.

साडूभाऊ नेवाडातल्या रीनो शहराच्या एका कसिनोत पाव डॉलरच्या मशीनवर बसले होते. तीन क्रेडिट, म्हणजे पंच्याहत्तर सेंटची पूर्ण बेट. तिसऱ्या रिळावर 'स्पिन'चं चिन्ह मधल्या रेषेवर आलं, मशीनमधून प्रेक्षकांचा 'व्हील! ऑफ! फॉर्च्यून!' असा गजर झाला आणि बटण लुकलुकायला लागलं. साडूभाऊंनी हात चोळले, मुहूर्त बघितल्यासारखे थांबले आणि बटण दाबलं. चाक गरगरलं, मंदावलं, १००० च्या कप्प्यात शिरलं आणि पुढच्या ३० वर जाऊन थांबलं. हातात आले साडेसात डॉलर. 'अर्धा सेकंद आधी दाबलं असतं तर अडीचशे डॉलर होते' हे वाक्य तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्याला, पंगतीत मठ्ठा यायच्या आत, ऐकायला मिळतं. वर पुरवणी: 'आतून कोणीतरी चाक पुढे ढकललं.'

आता आत काय झालं ते बघू. मशीनमधल्या बोर्डावर यादृच्छिक आकडे काढणारा एक प्रोग्रॅम असतो. तो कोणी खेळो न खेळो, सतत चालू असतो आणि सेकंदाला शेकड्या-हजारांनी आकडे फिरवत असतो. बटण दाबलं त्या क्षणी हाताशी आलेला आकडा उचलला जातो, तो एका तक्त्यात बघितला जातो, तक्ता सांगतो 'कप्पा अमुक', आणि मग चाकाच्या स्टेपर मोटरला (मोजून पायरी-पायरीने फिरणारी मोटर) हुकूम जातो की इतके फेरे मार आणि इतक्या पायऱ्यांवर थांब. चाक मंदावतं ते घर्षणाने नाही. मंदावण्याचा वेगही प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असतो. १००० च्या कप्प्यातून ते हळूच पुढे सरकलं तेव्हा ३० क्रेडिट मशीनच्या मेमरीत कधीच लिहून झालेले होते. अर्धा सेकंद आधी दाबलं असतं तर आकडा वेगळा आला असता, हे साडूभाऊंचं म्हणणं अगदी खरं आहे. पण तो १००० असता हे कशावरून? मशीनच्या चाकावर बावीस कप्पे असतात, त्यातला कुठलाही असू शकला असता, आणि बावीसही सारख्या तोलाचे असतातच असं नाही.

खरी मेख इथे आहे. टीव्हीवरचं चाक हे खरं चाक आहे. तो शो मर्व्ह ग्रिफिनने काढला, एनबीसी वाहिनीवर ६ जानेवारी १९७५ ला सुरू झाला. त्या चाकावर २४ कप्पे असतात, स्पर्धक ते हाताने ओढतो आणि ते खुंट्यांवर टकटकत, घर्षणाने थांबतं. तिथे हाताच्या जोराला अर्थ आहे. स्लॉट मशीनवरचं चाक म्हणजे निकाल दाखवायची पाटी. नेवाडाच्या नियमांत पत्ते किंवा फासे दाखवणाऱ्या मशीनला अट आहे की खऱ्या पत्त्यांत किंवा फाशांत जी शक्यता असते तीच मशीनमध्येही असली पाहिजे. बाकी चिन्हांसाठी अट इतकीच की शक्यता कायम राहिली पाहिजे, मधेच बदलता कामा नये. ती सगळ्यांना सारखी हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यामुळे १००० चा कप्पा डोळ्यांना बावीसात एक दिसतो, आणि तक्त्यात त्याचा वाटा अडीचशेत एकही असू शकतो. साधा हिशेब करा: कप्पे सारखे असते तर एकट्या १००० पोटी प्रत्येक फिरकीला सरासरी ४५ क्रेडिट द्यावे लागले असते. तीन क्रेडिटच्या खेळात हे झेपवायचं तर बाकी सगळीकडे हात आखडावा लागतो. म्हणून तक्त्यात कप्प्यांना कमी-जास्त भार.

हे तंत्र चाकाच्या आधीपासून रिळांमध्ये आहे. इंगे टेलनेस यांना १९८४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, आणि पुढे ते आयजीटी या स्लॉट मशीन बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतलं. रिळावर डोळ्यांना २२ थांबे दिसतात, ११ चिन्हं आणि ११ कोऱ्या जागा. तीन रिळं म्हणजे १०,६४८ जुळण्या; एवढ्यात मोठा जॅकपॉट बसत नाही. मग मेमरीत ७२ थांब्यांचं काल्पनिक रीळ ठेवायचं आणि त्यातले थांबे खऱ्या २२ वर वाटून द्यायचे. जॅकपॉटच्या चिन्हाला प्रत्येक रिळात एकच थांबा दिला तर जुळण्या होतात ३,७३,२४८. काच तीच, रीळ तेच, शक्यता पस्तीस पटींनी कमी. आणि त्या चिन्हाच्या खालच्या-वरच्या कोऱ्या जागांना, समजा, पाच-पाच थांबे दिले, तर ते चिन्ह रेषेच्या अगदी लगत साधारण सातातून एकदा दिसतं आणि रेषेवर बहात्तरातून एकदा येतं. 'थोडक्यात हुकलं' ही भावना अशी कारखान्यात तयार होते.

याची हद्दही ठरलेली आहे, आणि ती साडूभाऊंच्या 'आतून ढकललं'चं उत्तर आहे. युनिव्हर्सल नावाच्या कंपनीची मशीनं आधी 'हरला' असं ठरवायची आणि मग हरल्याचं कुठलं चित्र दाखवायचं यासाठी दुसरा निर्णय घ्यायची, म्हणजे जवळ हुकल्याची चित्रं मुद्दाम जास्त. १९८९ च्या सुमारास नेवाडाने ते बंद पाडलं. एकदा निकाल निवडला की त्यानंतर दिसणाऱ्या चित्रावर परिणाम करणारा दुसरा बदलता निर्णय मशीनने घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे ३० निवडले गेले आणि ३० च दाखवले. ३० हा १००० च्या शेजारी छापलेला आहे, ही करामत चाकाचा कागद आखणाऱ्याची.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. टीव्हीवरच्या चाकावर दिवाळं काढणारा कप्पा असतो, मशीनवरच्या चाकावर नसतो. तिथे काहीतरी मिळतंच, म्हणून माणूस खूश. ही कल्पनाही मुळात टीव्हीवाल्यांची नव्हे. अँकर गेमिंग या कंपनीने १९९६ मध्ये 'व्हील ऑफ गोल्ड' नावाने रिळांच्या मशीनवर चाकाचा डबा बसवला, तो चालला, मग आयजीटीने शोचं नाव घेऊन त्याच वर्षाच्या शेवटी 'व्हील ऑफ फॉर्च्यून' आणलं. २००१ मध्ये आयजीटीने अँकरच विकत घेतली.

चाकाबाबत बिघडतं काय, तेही सांगतो, कारण संशय बहुतेक तिथूनच सुरू होतो. चाकाला आणि प्रत्येक रिळाला आपण कुठे आहोत हे कळायला एक खूण आणि ती बघणारा ऑप्टिकल सेन्सर असतो. नेवाडातल्या कसिनोत सिगारेटी ओढतात. धुराचा चिकट पिवळा थर त्या सेन्सरवर बसतो. मग खूण सापडत नाही, चाक हळूहळू गोल फिरत ती शोधत बसतं आणि मशीन 'टिल्ट', म्हणजे बिघाडाची सूचना, दाखवून अडकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. मोटरच्या वायरचा कनेक्टर ढिला झाला असेल तर चाक दोन कप्प्यांच्या मधेच थांबतं. सगळ्यात वाईट म्हणजे रिळावरची छापील पट्टी गोंद सुटून सरकणं. मशीनला चित्रं कळत नाहीत, पायऱ्यांचे आकडे कळतात. पट्टी सरकली तर काचेत तीन सातचे आकडे दिसतील आणि मशीन बिनदिक्कत काहीच देणार नाही. प्रत्येक मशीनवर 'बिघाड झाल्यास सर्व खेळ व बक्षिसं रद्द' अशी पट्टी असते ती यासाठी.

असं काही झालं तर बटणाला हात लावू नका, उठू नका, मशीनवरचा मदतीचा दिवा लावून कसिनोच्या माणसाला बोलवा. मागचे डाव मेमरीत असतात, ते किल्ली लावून स्क्रीनवर दाखवता येतात. वाद मिटला नाही आणि रक्कम ५०० डॉलर किंवा जास्त असेल, तर नेवाडात कसिनोने ताबडतोब गेमिंग कंट्रोल बोर्डाला (जुगारावर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) कळवायचं असतं. त्याहून कमी असेल तर बोर्डाकडे जायचा तुमचा हक्क आहे, हे त्यांनी तुम्हाला सांगायचं असतं.

आता मशीन कुठलं धरावं. एकाच काचेमागे एकाच खेळाच्या कमी-जास्त परताव्याच्या (लावलेल्या पैशांपैकी सरासरी परत येणारा वाटा) आवृत्त्या असतात. मशीन बनवणारी कंपनी त्या सगळ्या देते, कसिनो एक निवडतो. नेवाडात कायद्याने किमान ७५ टक्के परतावा लागतो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त असतो, पण आवृत्ती बाहेरून ओळखता येत नाही. 'दाराजवळची मशीनं सैल असतात', 'आत्ताच दिलंय म्हणजे आता देणार नाही', 'कार्ड घातलं की देत नाही' या सगळ्या बाता. कसिनोचं सदस्य-कार्ड फक्त तुम्ही किती खेळलात ते मोजतं. जोडलेल्या मोठ्या जॅकपॉटमध्ये अनेक कसिनोंतली मशीनं एकाच मीटरला पैसे घालतात, तो मीटर कंपनी चालवते. निकाल मात्र तुमच्यासमोरच्या मशीनमध्येच लागतो. मीटर भरत आलाय म्हणून तुमची शक्यता वाढत नाही, जिंकलात तर रक्कम तेवढी मोठी.

एक गोष्ट मात्र बघाच. मूळच्या तीन रिळांच्या मशीनवर पूर्ण बेट नसेल तर 'स्पिन'चं चिन्ह आलं तरी चाक मिळत नाही, जॅकपॉटही नाही. काचेवर लिहिलेलं असतं. एक क्रेडिट लावून चाकाची वाट बघत बसलेले आपले काका-मावश्या दिसतात तिथे, आणि मला राग येतो. तो पैसा सरळ पाण्यात. पूर्ण बेट परवडत नसेल तर खालच्या किमतीच्या मशीनवर जा. खर्चाचा अंदाज: पंच्याहत्तर सेंट, तासाला ६०० डाव म्हणजे ४५० डॉलर फिरतात. कसिनोचा वाटा १० टक्के धरला तर तासाला ४५ डॉलर गेले. सावकाश खेळलात तर निम्मे.

साडूभाऊंचा हिशेब यात बसत नाही, कारण ते गेलेले पैसे धरत नाहीत, न मिळालेले अडीचशे धरतात.

हे सगळं नेवाडाचं. डॅलसकडची मंडळी ओक्लाहोमाला जातात, तिथे आदिवासी राष्ट्रांच्या कसिनोत काही मशीनं बिंगोवर चालतात: कोपऱ्यात चिमुकलं बिंगोचं कार्ड दिसलं तर निकाल बिंगोच्या सोडतीचा, रिळं आणि चाक नुसती करमणूक. गोव्यातल्या मशीनना नेवाडाचे हे नियम लावू नका, तिथला कायदा वेगळा आहे. आणि मोबाइलवर पैसे लावून असलंच चाक फिरवायचा विचार भारतात बसून करू नका, २०२५ च्या कायद्याने ते बंद आहे.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा. मोठं बक्षीस लागलं की मशीन लॉक होतं आणि माणूस हातात पैसे द्यायला येतो. ही मर्यादा वर्षानुवर्षं १२०० डॉलर होती, २०२६ पासून २०००. अमेरिकेत कराच्या दृष्टीने अनिवासी असलेल्यांचे ३० टक्के तिथेच कापतात; भारताशी असलेल्या कर-करारात यातून सूट नाही, आणि हरलेली रक्कम त्यांना वजा दाखवता येत नाही. तुम्ही स्वतः तिथे नोकरीला असाल आणि कराच्या दृष्टीने रहिवासी असाल तर तुमचा हिशेब वेगळा. ब्लॅकजॅक, बकारा, क्रॅप्स, रुलेट आणि बिग सिक्सच्या चाकावर जिंकलेल्या पैशांना अनिवासींना तो कर नाही. बिग सिक्स हे खरं, माणसाने हाताने फिरवलेलं चाक आहे: ५४ कप्पे, त्यातले साधारण २४ एका डॉलरचे, सगळे डोळ्यांनी मोजता येतात आणि जे मोजाल तीच शक्यता. फक्त त्या एका डॉलरच्या बेटवरच कसिनोचा वाटा ११ टक्क्यांच्या वर आहे, आणि जोकरवर लावलेत तर २४ च्या आसपास.