जुनी फोर बाय फोर घेताय? आधी खाली वाकून बघा

प्रश्न : नमस्कार दादा. आमचं शेत अकोले तालुक्यात डोंगराच्या कडेला आहे, डांबरी संपल्यावर पुढचे दोन-तीन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात आमची साधी गाडी तिथे रुतते म्हणजे रुततेच, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर शोधा. शिवाय मला आणि मुलांना भटकायची हौस आहे, रतनवाडी, साम्रद, कुमशेत अशी. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. बजेट सगळं मिळून सहा लाख. जिप्सी, जुनी थार, स्कॉर्पिओ फोर बाय फोर आणि सफारी स्टॉर्म अशा चार गाड्या डोक्यात आहेत. मित्र म्हणतात डोळे झाकून थार घे. काय करू? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईत लिहून टाकलंय, ते म्हणजे घरात आई आहेत आणि दोन मुलं आहेत. जुनी थार, म्हणजे 2010 ला आली ती सीआरडीई, आणि जिप्सी, या दोन्ही गाड्यांना मागे समोरासमोर आडवी बाकडी असतात, वर बहुतेक ताडपत्रीचं हूड, आणि जुन्या थारला एअरबॅग कुठल्याच मॉडेलला नाही. आईंना त्या बाकड्यावर बसवून संगमनेर ते रतनवाडी नेऊन आणा, परत गाडीत बसणार नाहीत. एकटे किंवा दोघं फिरणारे असता तर मी पण थारच सांगितली असती, 2.5 लिटरचं डिझेल इंजिन आहे, 105 बीएचपी, फोर लो (चारही चाकांना हळू पण जोरात ओढायला लावणारा गिअर) टाकलं की चढावर मुंगीच्या पावलाने चढते, आणि 2015 च्या फेसलिफ्टनंतरच्या काही गाड्यांना मागच्या अ‍ॅक्सलला लॉकिंग डिफरेन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी व्यवस्था, पण मिळतं. पण तुमचं घर पाच माणसांचं आहे, त्यामुळे माझ्या मते उरतात दोनच, स्कॉर्पिओ आणि स्टॉर्म, आणि त्यातही मी स्कॉर्पिओ घेईन, एमहॉक इंजिनवाली. कारण सरळ आहे, स्कॉर्पिओचा मिस्त्री तुम्हाला राजूरला पण मिळेल आणि अकोल्याला पण मिळेल. स्टॉर्म चालवायला जास्त आरामशीर आहे, लांबच्या रस्त्याला तर विचारू नका, पण गाडी दोन टनांच्या आसपास जड, आणि कंपनीने ती बनवणं बंद करून काही वर्षं झालीत, त्यामुळे एखादा पार्ट यायला वेळ लागला तर गाडी गॅरेजला आणि तुम्ही परत ट्रॅक्टरच्या शोधात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथेच बहुतेकांचे पैसे जातात. फोर बाय फोर लावलं म्हणजे चारही चाकं सारखी ओढतात असं नसतं. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये साधं डिफरेन्शियल असेल तर ज्या चाकाला पकड नाही तेच गरागरा फिरतं, म्हणजे खड्ड्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं की गाडी जागेवरच, फोर बाय फोर असून. म्हणून टायर चांगले पाहिजेत आणि चाक कुठून न्यायचं ती लाइन बघून चालवायला शिकलं पाहिजे, नुसत्या बिल्ल्यावर गाडी निघत नाही. आणि खरा उपयोग असतो तो फोर लोचा, त्यात इंजिनची ताकद चाकाला कितीतरी जास्त मिळते आणि उतारावर गाडी इंजिनच्या जोरावर धरून राहते, ब्रेक दाबायला लागत नाही, ओल्या उतारावर ब्रेक दाबला की घसरलीच. अजून एक, स्कॉर्पिओ, थार, जिप्सी या सगळ्या पार्ट टाइम सिस्टीम आहेत, कोरड्या डांबरीवर फोर बाय फोर लावून फिरायचं नाही, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर येतो.

गाडी बघायला जाल तेव्हा पहिलं काम, ती फोर बाय फोर आहे का तेच बघा. हसू नका, स्कॉर्पिओ टू व्हील ड्राइव्ह पण आहे आणि जुन्या थारच्या डीआय मॉडेलमध्ये पण टू व्हील ड्राइव्ह होती, आणि मागे स्टिकर चिकटवायला दहा मिनिटं लागतात. खाली वाकून पुढच्या अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, डोळ्यांनी बघा आणि आरसी वरचं मॉडेल वाचा. मग गाडी डांबरीवर नाही, नांगरलेल्या रानात नाहीतर मुरमाड जागेवर घेऊन चला, मालक नको म्हणाला तर तिथूनच परत या. स्कॉर्पिओला फोर बाय फोर बटणावर लागतं, आत इलेक्ट्रिक मोटर असते, आणि वर्षानुवर्षं कुणी वापरलीच नाही की ती जाम होते. फोर हाय (नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर) लावा, लाइट लागतो का बघा, मग गाडी थांबवून न्यूट्रलला फोर लो, आणि पहिल्या गिअरला क्लच सोडून द्या, गाडी अ‍ॅक्सिलरेटर न दाबता एकसारखी सरकली पाहिजे, खालून कडकड आवाज नको, धक्के नको. मग परत टू हाय ला, म्हणजे साध्या दोन चाकांवर आली पाहिजे, कित्येक गाड्या जातात पण परत येत नाहीत.

यानंतर मिस्त्रीला सांगून दोन्ही डिफरेन्शियलचा ऑइल भरायचा बोल्ट खोलायला लावा आणि बोट घालून ऑइल बाहेर काढा. काळपट असेल तर चालतं, जुनं आहे, बदलू. पण दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी कुणीतरी नदीत घातली आणि नंतर ऑइल बदललं नाही, मग बेअरिंग आणि गिअर आतून खराब व्हायला लागलेत असं धरून चाला. बोटाला चमचमणारा बारीक लोखंडाचा भुगा लागला तरी तेच. ही पाच मिनिटांची तपासणी आहे आणि कोणताही एजंट स्वतःहून करून दाखवणार नाही. प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून त्याच्या टोकाचे सांधे, म्हणजे क्रॉस, ढिले आहेत का बघा, ऑइल फिलरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवा, भसाभसा धूर येत असेल तर इंजिनचं मोठं काम निघालंय. चारही टायर एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत.

गंज. कोकणातली गाडी असेल, रत्नागिरी-सिंधुदुर्ग किंवा मुंबईत समुद्राकाठी उभी राहिलेली, तर चॅसीला आतून गंज असतो, वरून काळा रंग मारलेला असतो, म्हणून हातोडीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून बघा, आवाज बद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर सोडून द्या. पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघा. बॉडीचा गंज काढता येतो, चॅसीचा नाही काढता येत, आणि चॅसी नंबर खोडल्यासारखा वाटला तर किंमत ऐकायला पण थांबू नका.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतील कारण तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांच्या नियमाची कटकट आहे. घ्यायला हरकत नाही, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, आणि महाराष्ट्रात पासिंग करताना इथला टॅक्स भरावा लागेल तो आधी आरटीओत विचारून किमतीत धरा. खासगी गाडीची आरसी 15 वर्षांची असते, मग फिटनेस करून 5-5 वर्षं वाढवून घ्यायची, वर ग्रीन टॅक्स, त्यामुळे 2011-12 ची गाडी घेत असाल तर हा खर्च दारातच उभा आहे. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा.

आणि सहा लाख म्हणजे गाडी सहा लाखांची नाही बरं का. गाडी पाचपर्यंत घ्या, बाकीचे पैसे नव्या टायरला, सगळी ऑइलं बदलायला, क्लच प्लेट, ब्रेक, इन्शुरन्स, आरटीओ, आणि एक चांगली टोइंग दोरी आणि दोन शॅकल (दोरी अडकवायच्या लोखंडी कड्या) यांना ठेवा. जो सहाचे सहा गाडीत घालतो तो पहिल्या पावसात परत ट्रॅक्टरच बोलावतो.

प्रश्न : सर, मी वणी तालुक्यातली, आमची कापसाची शेती आहे. मिलिटरीतून निघालेली जिप्सी एक जण फार स्वस्तात देतोय, कागद नंतर करून देतो म्हणतो. आमच्या काळ्या मातीत चालेल का? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, कागद नंतर करून देतो हे ऐकलं की गाडी कितीही छान असू द्या, हात जोडून परत या. मिलिटरीच्या गाडीला बाणाचा नंबर असतो, लिलावानंतर ती साध्या आरटीओत नोंदवावी लागते, त्यासाठी लिलावाचे मूळ कागद लागतात, आणि ते नसतील तर तुमच्या अंगणात लोखंड उभं आहे, गाडी नाही. त्यात 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रिन्यूच होत नाही, त्या स्क्रॅपला जातात. अशा एखाद्या गाडीला दुसऱ्या जिप्सीचे कागद लावून विकायला आणलेलं असू शकतं, आणि अपघात झाला की इन्शुरन्सवाले आधी चॅसी नंबर बघतात.

कागदवाली सिव्हिल जिप्सी मिळाली तर मात्र मला ती गाडी मनापासून आवडते. 1985 ला आली, 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन 1996 पासून, साधारण हजार किलो वजन, पुढे-मागे कमानपाटे, आत तोडफोड होण्यासारखं काही नाही. हलकी आहे म्हणून जिथे जड गाड्या रुतून बसतात तिथून ही निघून जाते. घेताना पुढच्या चाकांच्या आत गोल गोळा असतो तिथे बघा, ग्रीस आणि ऑइल गळून चिखल झाला असेल तर सील गेलंय, आणि साठच्या स्पीडला स्टिअरिंग थडथड हलायला लागलं तर किंगपिनचं बेअरिंग. दोन्ही दुरुस्त होतं, फक्त भाव कमी करून घ्या. एसी नाही, आणि वणीच्या मे महिन्यात ते सहन होईल का हे तुमचं तुम्ही ठरवा.

काळ्या मातीचं खरं सांगतो, पाऊस पडल्यावर काळी माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाकं नुसती फिरतात, मग जिप्सी असो की थार. मोठ्या खाचांचे मड टायर थोडे तरतात, अरुंद टायर रुंदपेक्षा बरे. पण मुसळधार पाऊस झाल्यावर एक दिवस ऊन पडू द्या आणि मग शेतात गाडी न्या, त्याला दुसरा पर्याय नाही.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको, पुण्यात आयटीत. स्पिती करायचंय स्वतःच्या गाडीने. डस्टर एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) 2015 ची बघितली, पण सगळे म्हणतात ती खरी फोर बाय फोर नाही. – एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : खरी-खोटी सोडा, तुम्हाला कुठे जायचंय ते बघा. स्पितीचा रस्ता उन्हाळ्यात खडी, धूळ, पाण्याचे नाले आणि दगड असाच आहे, त्याला 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) आणि मागची स्वतंत्र सस्पेन्शनवाली डस्टर झकास आहे, दिवसभर चालवून कंबर धरत नाही, जुन्या थारमध्ये पुण्याहून स्पितीतल्या काझापर्यंत गेलात तर कळेल मी काय म्हणतोय. लो रेंज, म्हणजे फोर लो, नाही तिला, पण पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलाय. खोल चाकोरीत किंवा वाळूत बराच वेळ चाकं फिरवत बसलात तर मागच्या अ‍ॅक्सलकडे ताकद देणारं कपलिंग तापतं आणि गाडी तात्पुरती टू व्हील ड्राइव्ह होते, म्हणून चिखलाच्या ट्रेलला ती नको, सह्याद्रीत पावसाळ्यात ऑफरोड करायचं असेल तर नकोच.

घेताना लॉक मोड (पुढे-मागे दोन्हीकडे ताकद देणारा) लावून ओल्या गवतावर चढवून बघा, मागची चाकं ओढतात का ते कुणाला तरी बाहेरून बघायला सांगा. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा, नसेल तर तो खर्च किमतीतून कापून घ्या, कारण बेल्ट तुटला की इंजिनच जातं. एक टायर फुटला म्हणून एकच नवा घालायचा नाही, चारही सारखे लागतात. आणि स्पितीत नाले सकाळी लवकर ओलांडा, दुपारी बर्फ वितळून तिथलंच पाणी गुडघ्यावर येतं, आधी चालत जाऊन तळ बघा, मगच गाडी घाला.