चारनंतर काय होतं?

"मॅडम, मी खाल्लेलं सगळं लिहिते. तरी साखरेचा आकडा हाताबाहेर जातोच. आणि एकदा गेला की मग मी काय खाते ते माझं मलाच कळत नाही. माझ्या मनातच काही खोट आहे का?"

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारे बदलतात, वाक्य जवळजवळ तेच असतं. जूनमध्ये आलेल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, नावाऐवजी 'ताई' म्हणते. वय सत्तेचाळीस, राहायला मुलुंडला, नोकरी फोर्टात. घरात नवरा, मुलगा, सासूबाई. रक्ताच्या तपासणीत एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची पातळी सांगणारा आकडा, 6.1 आलं होतं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, खाणं सुधारा आणि चाला म्हणाले. आहारतज्ज्ञांनी तक्ता दिला होता. तक्ता माझा प्रांत नाही. तक्ता हातात असूनही माणूस अडतो कुठे, तेवढंच मी बघते.

ताईंनी मोबाइल पुढे केला. खाण्याच्या अ‍ॅपमध्ये अकरा दिवसांच्या नोंदी, अगदी नेटक्या. सकाळचा चहा, पोहे, डबा, केळं, दोन बिस्किटं. पण रोज दुपारी चारच्या सुमारास नोंदी संपायच्या.

"चारनंतर काय होतं?"

"लाल होतं," त्या म्हणाल्या.

साखरेची रोजची मर्यादा त्यांनी 25 ग्रॅम ठरवली होती. ती ओलांडली की आकडा लाल व्हायचा. मग त्या अ‍ॅप बंद करायच्या आणि घरी पोचेपर्यंत फरसाण, चॉकलेट, डब्यातला उरलेला लाडू, जे हाती लागेल ते. "नाहीतरी आजचा दिवस गेलाच ना."

हे मला फार ओळखीचं वाटलं. चुकून शेंगदाण्याऐवजी फुटाणा तोंडात गेला की आपण म्हणतो, "उपास मोडलाच आहे, आता जेवूनच घेऊ." उपास एक तर असतो नाही तर मोडतो, अर्धा मोडत नाही. साखरेची मर्यादा आपण नकळत त्याच हिशोबात घालतो. प्रत्यक्षात एचबीए1सी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. चारच्या बिस्किटाने त्यात जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त 'दिवस गेला' म्हणून खाल्लेल्या पुढच्या सहा तासांनी पडतो.

शिवाय तो लाल आकडाच चुकीचा होता, आणि दोन्ही बाजूंनी. अ‍ॅप केळ्यातली आणि दुधातली साखरही त्याच बेरजेत धरत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा वेगळ्या साखरेची आहे: वरून घातलेली साखर आणि गूळ, मध, फळांचा रस. रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या. 2000 उष्मांकांचं खाणं धरलं तर पाच टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. अख्खं फळ आणि साधं दूध या हिशोबात येत नाही. (म्हणून साखर वाढलेल्यांनी हापूसची पेटी संपवावी असं नाही. फळ किती खायचं ते आहारतज्ज्ञांना विचारावं.) थोडक्यात, ताई केळं खाऊन अपराधी वाटून घेत होत्या.

दुसरी बाजू चहाची. अ‍ॅपमध्ये त्या 'दोन चमचे' लिहायच्या, अ‍ॅप चमच्याचे चार ग्रॅम धरायचं. मी म्हटलं, साखरेच्या डब्यातला तुमचा नेहमीचा चमचा काट्यावर ठेवून बघा. त्यांनी शेजारणीकडून वजनकाटा आणला आणि पाच वेळा मोजलं. शीग लावलेला चमचा आठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका कपात सोळा, आणि असे घरचे कप दोन. ऑफिसातल्या मशीनच्या चहात साखर आधीच मिसळलेली असते, ती तर त्या लिहीतच नव्हत्या, कारण 'मी कुठे घातली?'

मग मी माझा आवडता प्रश्न विचारला: महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत साखर किती?

"सहा किलो."

6000 भागिले 30, भागिले 4. माणशी रोज 50 ग्रॅम. पाहुणे आणि सणासुदीचा शिरा वजा केला तरी फार खाली येत नाही, आणि बाहेरचं यात नाहीच. सासूबाईंना नुसतं वरणही किंचित गोड हवं असतं, हे ताईंना त्या दिवशी आठवलं. ज्यांना रोज लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांनी निदान ही यादी बघावी. यादीला कुणापासून काही लपवायचं नसतं. जावेने सुचवलेला गुळाचा चहा त्यांनी स्वतःच बाद केला, कारण गूळही साखरच, त्याचा खडा तर मोजताही येत नाही.

पहिले पंधरा दिवस मी मर्यादा काढून टाकली. अ‍ॅप बाजूला, साधी वही. काय खाल्लं, किती वाजता आणि तिसरा रकाना 'कोणी दिलं'. त्या हसल्या, पण मुंबईत हा रकाना फार बोलतो. लेडीज डब्यातल्या ग्रुपमध्ये वाढदिवसाचा केक, मुलाच्या निकालाचे पेढे, ऑफिसात कोणाच्या नव्या गाडीची बर्फी, शेजारून आलेली सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी. 'मीच घेतलं' असं आठवड्यात फक्त तीनदा होतं. बाकी सगळं नाही म्हणता आलं नाही म्हणून पोटात गेलेलं.

त्यामुळे आमच्या दोन बैठका साखरेवर झाल्याच नाहीत. 'नको' म्हटलं की समोरचीला वाईट वाटेल, ही भीती मुळाशी होती. आम्ही वाक्यं बोलून पाहिली. "मला शुगर आहे" म्हणायला त्यांना नको वाटायचं, कारण मग डब्यात चर्चा सुरू होते आणि कारल्याच्या रसाचे सल्ले येतात. शेवटी जमलं ते असं: पेढा हसून घ्यायचा, कागदात गुंडाळून पर्समध्ये, "लेकाला नेते." प्रसाद मात्र चिमूटभर का होईना, खायचा. प्रसाद नाकारायला लावून मी कोणाच्या मनाला टोचणी लावत नाही.

इथे माझी एक चूक झाली. नवऱ्याचा आधार मिळावा म्हणून मी वही त्यांना दाखवायला सांगितली. माणूस प्रेमळ, पण तिसऱ्या दिवसापासून "आज किती चमचे झाले?" सुरू. पुढच्या वेळी वही आली ती सात दिवसांची, एका शाईत, एका बैठकीत लिहिलेली, रोज तीन चमचे. मी विचारायच्या आत ताईच म्हणाल्या, "खोटी आहे." तेव्हापासून मी घरच्यांना वही तपासू देत नाही. आधार द्यायचाच असेल तर घरच्यांनी स्वतःच्या चहातली साखर कमी करावी.

बदल म्हणाल तर लहानच. डब्यातला चमचा बदलला, शीग काढून सपाट घ्यायचा. दर पंधरा दिवसांनी कपामागे अर्धा चमचा कमी. सासूबाईंच्या वरणाला हात लावला नाही, त्यांची वाटी वेगळी काढली. ऑफिसात मशीनऐवजी कँटीनच्या मुलाकडून बिनसाखरेचा चहा. पहिला आठवडा तो त्यांना औषधासारखा लागला.

एक सांगायलाच हवं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर असे प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावेत, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि लपून खाणं, मग दिवसभर उपाशी राहणं असं चक्र लागलं असेल तर लिहिणं थांबवून आधी त्याबद्दल बोलायला यावं. अशा वेळी वही त्रास वाढवते.

सप्टेंबरमध्ये ताई नवा रिपोर्ट घेऊन आल्या. 5.9. त्यांना वाटलं होतं आणखी उतरेल. मला वहीच बघायची होती. गणपतीचं पान काढलं. दुपारी दीड, उकडीचे मोदक पाच, वर तुपाची धार. कोणी दिलं: मीच केले, मीच खाल्ले. त्याखाली, त्याच दिवशी, साडेपाच वाजता: चहा, अर्धा चमचा, सपाट.