दहावीनंतर न्यू जर्सीत : स्कूल प्रोफाइल आणि १२० क्रेडिटचा हिशोब

तुमचा प्रश्न असा आहे : मुलगी पुण्यात स्टेट बोर्डाची दहावी ९१ टक्क्यांनी पास झाली, ऑगस्टमध्ये तुम्ही न्यू जर्सीला येताय. तिथल्या पब्लिक हायस्कूलच्या साइटवर 'स्कूल प्रोफाइल' नावाचा दोन पानी कागद दिसला. त्यातलं १२० क्रेडिट, वेटेड जीपीए काही कळत नाही. आणि बारावी पुण्यातच करून यावं का?

ताई, आम्ही २०२२ मध्ये नेमके याच वळणावर होतो. मुलगा नाशिकहून दहावी करून आला आणि २०२४ मध्ये इथून हायस्कूल पास, म्हणजे इथल्या भाषेत 'ग्रॅज्युएट', झाला. त्यामुळे जे स्वतः पाहिलं ते सांगते.

आधी क्रेडिट. न्यू जर्सीत एक क्रेडिट म्हणजे निदान ४० मिनिटांचा एक तास, आठवड्यातून एकदा, वर्षभर. रोज तास असलेला विषय वर्षाला ५ क्रेडिट देतो. हायस्कूल पास व्हायला राज्याची किमान अट १२० क्रेडिटची, नववी ते बारावी मिळून. त्यात इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, सामाजिक शास्त्रं १५, कला ५, परकीय भाषा ५, करिअरशी निगडित विषय ५, आर्थिक साक्षरता २.५, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण शाळेत असेल त्या प्रत्येक वर्षाला ३.७५. चार वर्षांची बेरीज ९७.५ होते, उरलेले आवडीच्या विषयांतून. काही डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं) १२० पेक्षा जास्त मागतात, ते तुमच्या शाळेच्या 'प्रोग्राम ऑफ स्टडीज' या विषयांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. विषय कसे भरायचे यालाही नियम आहेत : गणितात अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री हवीच, विज्ञानात बायॉलॉजी हवी, आणि अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं.

मुलगी अकरावीत, म्हणजे 'ज्युनिअर' म्हणून येईल. अर्धी हायस्कूल तिने पुण्यात केलेली आहे आणि ती इथल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या वर्षांच्या एकत्र गुणपत्रकावर, चढवावी लागते. खरा खेळ तिथेच आहे. आपल्याकडे नववीला कोण विचारतं? सगळा जीव दहावीत. इथे मात्र नववी हे हायस्कूलचं पहिलं वर्ष, त्याचे विषय आणि गुण ट्रान्सक्रिप्टवर कायमचे राहतात. म्हणून नववीचं प्रगतिपुस्तक शोधा, हरवलं असेल तर शाळेकडून सही-शिक्क्याचं नवीन घ्या. हे निघण्याआधी करा, इथून फोनवर मागवताना आमचे दोन महिने गेले.

ते गुण क्रेडिटमध्ये बदलतो काउन्सेलर, म्हणजे मुलांचे विषय आणि कॉलेजचे अर्ज बघणारा शाळेतला सल्लागार. बहुतेक शाळांत तो आडनावाच्या अक्षरावरून ठरतो आणि एकाकडे शेकडो मुलं असतात. माणूस वाईट नसतो, पण महाराष्ट्र बोर्डाची गुणपत्रिका त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेली असते. आमच्या गुणपत्रिकेवर 'मॅथेमॅटिक्स' अशी एकच ओळ, म्हणून त्यांनी एकच विषय धरला आणि मुलाला अकरावीत जॉमेट्रीत बसवलं. मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, पायथागोरस शिकवतायत." मी ई-बालभारतीवरून इंग्रजी माध्यमाची नववी-दहावीची गणिताची पुस्तकं उतरवली, भाग १ आणि भाग २, आणि चारही पुस्तकांच्या अनुक्रमणिका छापून घेऊन गेले. आमच्या काउन्सेलर बाईंसमोर ठेवल्या : भाग १ मध्ये वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, भाग २ मध्ये समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती. त्या मन लावून वाचत होत्या, पेन्सिलने खुणा करत होत्या. गणिताच्या विभागप्रमुखांना बोलावलं, त्यांनी मुलाची अर्धा तास तोंडी परीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो अल्जिब्रा २ मध्ये गेला. अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री दोन्ही जमा झाले. त्या चार छापील पानांनी त्याचं एक वर्ष वाचलं, कारण गणिताची शिडी इथे पायरीपायरीने चढावी लागते. अकरावीत जॉमेट्री म्हणजे बारावीपर्यंत कॅल्क्युलस जवळजवळ अशक्य.

विज्ञानाचंही असंच करा. 'सायन्स अँड टेक्नॉलॉजी' या एका ओळीत भौतिक, रसायन, जीव तिन्ही दडलेले आहेत. सामाजिक शास्त्रांत मात्र फार आशा धरू नका. आपल्या दहावीच्या इतिहासाची सुरुवात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेने होते, नववीचा इतिहास १९६० नंतरच्या भारताचा, आणि दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना. हे कुठल्या खणात घालायचं ते डिस्ट्रिक्ट ठरवतं. आमच्याकडे ते सगळं मिळून वर्ल्ड हिस्टरीचे ५ क्रेडिट म्हणून धरलं, आणि अमेरिकेचा इतिहास १ व २ हे दोन्ही अकरावी-बारावीत करावे लागले. मुलाच्या गुणपत्रिकेवर कला विषय नव्हता, तो त्याने सिरॅमिक्स घेऊन भरला. घरी अजून त्याने केलेली वाकडी सुगडं आहेत, संक्रांतीला तीच पुजते मी.

गुणांबद्दल एक गोष्ट ठामपणे मांडा. आपल्याकडे ३५ ला पास आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. इथे बऱ्याच शाळांत ७५ म्हणजे 'सी'. कुणी टक्के जसेच्या तसे उतरवले, तर प्रावीण्य मिळवलेलं मूल सुमार दिसतं. तुमच्या मुलीला ९१ आहेत, पण एखाद्या विषयात ७८ असतील तर तिथे फटका बसेल. बोर्डाच्या श्रेणींचा तक्ता मिळवून त्याचीही प्रत द्या. अनेक डिस्ट्रिक्ट बाहेरून आलेले विषय नुसते 'पास' म्हणून नोंदवतात, क्रेडिट देतात पण जीपीएत, म्हणजे सगळ्या विषयांच्या श्रेणींच्या सरासरीत, धरत नाहीत. माझ्या मते तेच बरं. मग तिचा जीपीए फक्त इथल्या दोन वर्षांचा राहतो आणि मूळ गुणपत्रिका कॉलेजला सोबत जाते.

आता तो दोन पानी कागद. स्कूल प्रोफाइल पालकांसाठी लिहिलेलं नसतं, ते कॉलेजच्या प्रवेश अधिकाऱ्यासाठी असतं. बारावीत मूल अर्ज करतं तेव्हा काउन्सेलर ट्रान्सक्रिप्टसोबत ते पाठवतो. गाव कसं आहे, वर्गात मुलं किती, ए म्हणजे किती टक्के, ऑनर्स (वरच्या पातळीच्या) आणि एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयांना जीपीएत किती जादा वजन, क्रमांक काढतात का, एपीचे विषय किती, मागच्या वर्षीची मुलं कुठे गेली, हे सगळं त्यात. वेटेड जीपीए म्हणजे एवढंच : साध्या मोजणीत ए म्हणजे ४, आणि अवघड वर्गातल्या ए ला त्यावर थोडं जास्त. किती जास्त ते प्रत्येक शाळेचं वेगळं, म्हणून दोन शाळांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. एका शाळेतला ४.३ दुसऱ्या शाळेतल्या ४.६ पेक्षा भारी असू शकतो. भारतीय पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आकड्यांवरून मुलांना जो त्रास दिला जातो तो पाहून मला खरंच वाईट वाटतं.

तुम्ही वाचताना एपीची ओळ आधी वाचा. शाळा पंचवीस एपी देत असेल आणि मुलीने एकही घेतला नाही, तर ते दिसतं. शाळेत चारच असतील आणि तिने दोन घेतले, तर तेही दिसतं. मग पुढची ओळ : अकरावीत आलेल्या मुलाला एपीला बसता येतं का, आधीचा कुठला वर्ग लागतो. हे प्रोफाइलमध्ये नसलं तर काउन्सेलरला पहिल्याच भेटीत विचारा. क्रमांक काढत नसतील तर घाबरू नका, आता पुष्कळ शाळा काढत नाहीत. आणि प्रोफाइल शाळेने स्वतः लिहिलेलं असतं हे विसरू नका. राज्य दर शाळेचा वेगळा 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' काढतं, त्यात किती मुलं ग्रॅज्युएट झाली, किती सतत गैरहजर राहतात हे असतं. घर भाड्याने घेण्याआधी दोन्ही वाचा, कारण पब्लिक शाळा पत्त्यावरून मिळते.

क्रेडिटशिवाय एक परीक्षाही आहे, एनजेजीपीए. अकरावीत मार्चमध्ये होते, इंग्रजी आणि गणित, मुलाच्या वेळी दोन्हीत ७२५ लागत होते. अल्जिब्रा १ आणि जॉमेट्रीवरच गणित असतं, आपल्या मुलांना जड नाही. नाहीच जमलं तर एसएटी-एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांचे ठरलेले गुण चालतात, त्याहीपुढे पोर्टफोलिओचा, म्हणजे मुलाच्या कामाचे नमुने दाखवण्याचा, मार्ग आहे.

आमची दुसरी चूक आर्थिक साक्षरतेची. दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' हा धडा आहे, जीएसटी आणि शेअर्सचा, म्हणून मी समजले ते झालंच. तसं होत नाही, वेगळे २.५ क्रेडिट लागतात. बारावीच्या जानेवारीत कळलं. दुसऱ्या सत्रात जागा मिळाली म्हणून निभावलं, पण त्याचा आवडता रोबोटिक्सचा तास सुटला आणि तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणून पहिल्याच भेटीत 'क्रेडिट चेक' चा छापील कागद मागा. आलेले, चालू असलेले, राहिलेले, असे तीन रकाने असतात. दर जूनमध्ये तो पुन्हा मागा.

नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म येतो. काही जण घाबरून 'इंग्रजी' लिहितात. तसं करू नका, मराठी लिहा. फार तर इंग्रजीची छोटी चाचणी घेतील, इंग्रजी माध्यमाची मुलं ती सहसा पार करतात. आणि ती मराठी पुढे कामाला येते. परकीय भाषेच्या ५ क्रेडिटची अट भाषा येते असं सिद्ध करूनही पुरी करता येते. मराठीची स्टॅम्प चाचणी आहे, लिहायची आणि बोलायची. चांगली पातळी मिळाली तर डिप्लोम्यावर राज्याचा 'सील ऑफ बायलिटरसी', म्हणजे दोन भाषा येतात याचा शिक्काही, लागतो. माझ्या मुलाने बोलण्याच्या भागात आजीच्या हातच्या पुरणपोळीची सगळी कृती सांगितली, पुरण शिजवण्यापासून तव्यावर टाकेपर्यंत. त्या ५ क्रेडिटच्या जागी त्याला एपी फिजिक्स घेता आलं.

राहिला बारावीचा प्रश्न. तुमच्या मुलीच्या बाबतीत आत्ताच आणा असं मी म्हणेन. दोन वर्षांत वर सांगितलेलं सगळं आरामात बसतं, वर्षाला ३५ ते ४० क्रेडिट होतात. पूर्ण बारावी करून आली तरी चालेल, मग ती हायस्कूल संपवूनच आलेली असेल. फक्त अकरावी करून आणू नका. एका वर्षात अमेरिकेच्या इतिहासाची दोन वर्षं, कला, आर्थिक साक्षरता आणि त्याच शरद ऋतूत कॉलेजचे अर्ज, एवढं त्या लेकराच्या अंगावर पडतं. बहुतेक शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत लसीकरणाची नोंद, जन्मदाखला, घराचा करार, शाळा सोडल्याचा दाखला, नववी-दहावीचे निकाल आणि पुस्तकांच्या अनुक्रमणिका, एवढं एका फाइलमध्ये घेऊन काउन्सेलरची वेळ मागा. तेव्हा वर्गांत जागा असतात. शाळा सुरू झाल्यावर उरलेलं घ्यावं लागतं.