चिंता कमी झाली, पण कशामुळे?

‘रचना कमकुवत, फेरविचार करावा’ एवढ्याच शेऱ्यासह संशोधन आराखडा परत आला की विद्यार्थी माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा आराखड्याबद्दल नसतोच. “मॅडम, मला संशोधन जमणारच नाही का?” असं विचारतात. त्या मुलीनेही हेच विचारलं. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बेचाळीस पानांचा आराखडा होता. आधीच्या अभ्यासांचा आढावा तिने मन लावून घेतला होता. प्रश्न असा, की श्वसनाच्या व्यायामाने परीक्षेची चिंता कमी होते का? दोनशे विद्यार्थ्यांना प्रश्नावली द्यायची, सर्वांत जास्त चिंता असलेले तीस निवडायचे, सहा आठवडे व्यायाम घ्यायचा आणि तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. चिंतेचे गुण उतरले की व्यायाम लागू पडला.

मी तिला पानं मिटायला सांगितली. “समजा, सगळं तुमच्या मनासारखं झालं, तिसांचीही चिंता उतरली. तरीही परीक्षकाला पटलं नाही, तर तो काय म्हणेल?”

“नमुना लहान आहे म्हणेल.”

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. नमुन्याचा आकार महत्त्वाचा आहेच, पण तो नंतर. रचनाच चुकली असेल तर तिसांऐवजी तीन हजार घेतले तरी तीच चूक जास्त ठामपणे हाती येते. म्हणून मी विचारलं, “तुमचे सहा आठवडे कधी संपतात?” तिने तारखा मोजल्या. परीक्षा पाचव्या आठवड्यात होती. थोडा वेळ गप्प बसली आणि मग स्वतःच म्हणाली, “परीक्षा झाल्यावर चिंता उतरणारच की!”

दुसरी अडचण जास्त लपलेली असते. चिंतेचे सर्वांत जास्त गुण असलेल्या मुलांमध्ये काहींचा फक्त तो दिवस वाईट गेलेला असतो. झोप झालेली नसते, घरी काही बिनसलेलं असतं. पुन्हा मोजलं की काहीही न करता त्या गटाचे गुण सरासरीकडे सरकतात. उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली दाखवलं होतं. तोच हा प्रकार. शिवाय व्यायाम घेणारी तीच आणि प्रश्नावली भरून घेणारीही तीच. सहा आठवड्यांत मुलांना ताईंचा लळा लागला, तर त्यांना बरं वाटावं म्हणूनही उत्तरं बदलू शकतात.

तिचे डोळे भरून आले. “म्हणजे सगळंच चुकलं.”

काहीच चुकलं नव्हतं, कारण अजून एकाही मुलाला प्रश्नावली दिलेली नव्हती. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ साली भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात म्हटलं होतं, की प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे अनेकदा शवविच्छेदन करायला सांगणंच असतं. प्रयोग कशाने मेला, एवढंच तो फार तर सांगू शकेल. तिचा प्रयोग तर अजून जन्मायचा होता. हे मी तिला अगदी मनापासून सांगितलं, कारण गोळा केलेली माहिती घेऊन रडत आलेलेही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी फारसं काही करता येत नाही.

मग कागद घेऊन बसलो. निवडलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एक गट व्यायाम करेल, दुसरा तेवढाच वेळ शांत वाचन करेल आणि अभ्यास संपल्यावर त्यालाही व्यायाम शिकवायचा. दुसरी मोजणी परीक्षेच्या आधी. ती घेणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नसावं. आता गुण आपोआप उतरले तरी दोन्ही गटांत सारखेच उतरतील; त्यापलीकडे जो फरक उरेल तो व्यायामाचा.

आकड्याचा प्रश्न आता आला. दोन गटांतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा असेल (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप), तर ५ टक्के सार्थकता पातळीला, म्हणजे फरक नसताना तो आहे असं चुकून मानण्याची शक्यता ५ टक्के ठेवून, तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी म्हणून प्रत्येक गटात साधारण ६४ जण लागतात. वीस टक्के गळती धरली तर ८०. एवढी मुलं तिला मिळणं अवघड होतं. पूर्वचाचणीचे, म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नावलीचे, गुण विश्लेषणात घेतले तर संख्या थोडी खाली येते, पण तीसवर नाही. “मग हा प्राथमिक अभ्यास आहे असं स्पष्ट लिहा, आणि परिणामकारकता सिद्ध करण्याचा दावा काढून टाका,” मी म्हटलं. तिला ते जड गेलं, पण तिने ते केलं.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा आराखड्यात एक नवा तक्ता होता. डावीकडे ‘निकालाचं दुसरं संभाव्य कारण’, उजवीकडे ‘रचनेत केलेली तजवीज’. शेवटच्या ओळीत डावीकडे लिहिलं होतं, ‘दोन्ही गटांतली मुलं एकाच वर्गात बसतात, एकमेकांना व्यायाम शिकवतील.’ उजवीकडची जागा कोरी होती. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघी त्या एका ओळीवरच बसलो: चिठ्ठी मुलांऐवजी वर्गांसाठी टाकावी का, आणि तसं केलं तर किती वर्ग लागतील.